टीए-१८३ ‘हुकेबाइन’: न उडलेल्या विमानाचं व्हॉट-इफ मॉडेल कसं बांधावं

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांत विचित्र आकारांना तोटा नाही. ब्लोम उंड फोस कंपनीच्या बीव्ही १४१ मध्ये इंजिन एकीकडे आणि माणसं बसायची काचेची केबिन त्याच्या उजव्या बाजूला, पंखावर. डॉर्निए ३३५ ला एक प्रोपेलर नाकावर, दुसरा शेपटीवर. युंकर्स २८७ चे पंख चक्क पुढे झुकलेले. ही तिन्ही विमानं प्रत्यक्ष उडाली. त्यांच्यामागे कागदावरच राहिलेल्या विमानांची लांबलचक रांग आहे, आणि व्हॉट-इफ, म्हणजे ‘असं झालं असतं तर’ या धर्तीची मॉडेल करणाऱ्यांचं मन बहुतेक वेळा त्या रांगेतच अडकतं.

या लेखात एकच विमान घेऊन पहिल्या विचारापासून स्टँडवरच्या पाटीपर्यंत जाऊ. विमान आहे फोके-वुल्फ टीए-१८३, टोपणनाव हुकेबाइन. स्केल १/७२. पद्धत मात्र कुठल्याही व्हॉट-इफला लागू पडेल. ती एका ओळीत सांगायची तर अशी: इतिहासातली एकच गोष्ट बदला आणि बाकीचा इतिहास जसा होता तसाच मॉडेलवर लागू करा. शस्त्रं, रंग, डाग, पट्टे, सगळं त्या एका बदलातून निघालं पाहिजे. मनाला येईल ते चिकटवलं की मॉडेल सुबक होतं, पण बघणाऱ्याला खरं वाटत नाही.

आधी विमान समजून घ्या

टीए-१८३ ची रचना हान्स मुल्टहॉप या इंजिनिअरची, फोके-वुल्फचे मुख्य रचनाकार कुर्ट टांक यांच्या हाताखाली केलेली. फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस लुफ्तवाफेने, म्हणजे जर्मन हवाई दलाने, नव्या जेट फायटरसाठी हे डिझाइन उचललं. एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य फोके-वुल्फच्या बाड आइल्सनमधल्या डिझाइन ऑफिसपर्यंत पोचलं आणि विषय तिथेच संपला. एकही विमान पूर्ण झालं नाही.

मॉडेलसाठी लक्षात ठेवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पंखांचा विस्तार १० मीटर, लांबी सुमारे ९.२ मीटर. पंख सुमारे ४० अंशांनी मागे वळलेले. हवा नाकातल्या भोकातून आत शिरते, पायलटच्या खालून इंजिनकडे जाते. धड आखूड आणि गुबगुबीत. एग्झॉस्टच्या वरून एक लांब, खूपच मागे झुकलेली फिन (शेपटीचा उभा पंख) निघते आणि तिच्या टोकावर ‘व्ही’ आकारात उचललेलं टेलप्लेन (शेपटीचा आडवा पंख) बसतं. इंजिन हाइंकेलचं एचईएस ०११, अपेक्षित थ्रस्ट १३०० किलो. शस्त्रं ३० मिलिमीटरच्या एमके १०८ तोफा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पंखांची कातडी प्लायवूडची, धड धातूचं. या एका वाक्याकडे पुढे पुन्हा पुन्हा यायचं आहे. रंगकामाचे निम्मे निर्णय त्यावर ठरतात.

मिग-१५ ही टीए-१८३ चीच नक्कल, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. दोघांचे चेहरे जुळतात हे खरं. पण मिग-१५ चे पंख ३५ अंशांचे, इंजिन रोल्स-रॉइस नीनवरून बनवलेलं आणि शेपटीची मांडणी निराळी. त्या कहाणीवर मॉडेल उभं करू नका, पाया कच्चा आहे.

एकच बदल ठरवा

आता कागद घ्या आणि एक वाक्य लिहा. माझं वाक्य असं: ‘एचईएस ०११ इंजिन एक वर्ष आधी तयार झालं.’ बस. प्रत्यक्षात हे इंजिन इतकं रखडलं की युद्ध संपेपर्यंत फक्त काही नमुने तयार झाले होते. ते वेळेत आलं असतं तर टीए-१८३ च्या पहिल्या तुकड्या १९४५ च्या वसंतात पथकांकडे गेल्या असत्या, असं धरू.

काय बदललं नाही, हेही त्याच कागदावर लिहा. मे १९४४ पासून दोस्तांच्या बाँबहल्ल्यांनी कृत्रिम इंधनाचे कारखाने उद्ध्वस्त होत होते, म्हणजे इंधनाची चणचण तशीच. रंगाचा तुटवडा तसाच. विमानाचे भाग वेगवेगळ्या लहान कारखान्यांत बनून एका ठिकाणी जोडले जायचे, तेही तसंच. आकाशात दोस्तांची फायटर विमानं घिरट्या घालत असल्यामुळे विमानं झाडीत लपवावी लागायची आणि हायवेचे सरळ तुकडे धावपट्टी म्हणून वापरावे लागायचे. जेट स्वतःच्या इंजिनावर जमिनीवर फिरवणं परवडत नसे; मेसरश्मिट २६२ ला केटेनक्राड नावाच्या अर्धी मोटरसायकल, अर्धा ट्रॅक्टर अशा गाडीने ओढत नेत.

यादीत आणखी एक ओळ लिहाच. या काळातली जर्मन जेट विमानं मोठ्या प्रमाणावर गुलामीच्या मजुरीवर उभी राहिली. व्हिएन्नाजवळ हिंटरब्र्यूल इथल्या जिप्समच्या जुन्या खाणीत हाइंकेल १६२ ची धडं माउटहाउझेन छळछावणीच्या कैद्यांकडून बनवून घेतली जात. टीए-१८३ झालं असतं तर तेही याच हातांनी झालं असतं. मॉडेल करताना हे विसरायचं नाही, आणि पुढे पाटी लिहिताना तर अजिबातच नाही.

किट, आकडे आणि ड्रॉइंग

टीए-१८३ ची किट १/७२ आणि १/४८ या दोन्ही स्केलमध्ये निघाली आहेत. काही जुनी आणि ओबडधोबड आहेत, पण व्हॉट-इफसाठी तो अडथळा नाही. निम्मं काम आपणच करणार. सोबत त्याच स्केलचं फोके-वुल्फ १९० चं एखादं स्वस्त किट ठेवा. कॉकपिटचे तुकडे, चाकं, अँटेना, डेकल (चिकटवायची छापील चिन्हं), सगळं त्यातून निघतं. एकाच कंपनीची विमानं असल्यामुळे उसनवारी पटण्यासारखीही होते.

उसनवारीला त्या काळातलाच आधार आहे. युंकर्स २८७ चा पहिला नमुना ऑगस्ट १९४४ मध्ये उडाला, तेव्हा त्याचं धड हाइंकेल १७७ चं होतं, शेपटी युंकर्स ३८८ ची आणि पुढची चाकं पडलेल्या अमेरिकन बी-२४ बाँबरची. जर्मन इंजिनिअरांनी अख्ख्या आकारात केलेलं हे किटबॅशिंगच, म्हणजे वेगवेगळ्या किटचे तुकडे जोडणंच, म्हणायचं. तेव्हा स्पेअर्सचा डबा उघडताना संकोच नको.

किट हातात आलं की पहिली गोष्ट मोजणी. १/७२ ला १० मीटरचा विस्तार १३९ मिलिमीटर येतो, ९.२ मीटर लांबी १२८ मिलिमीटर. स्टीलच्या पट्टीने पंख मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर आत्ताच ठरवा, सुधारायचं की राहू द्यायचं. एकदा गोंद लागला की हा प्रश्न महाग पडतो.

तीन बाजूंचं ड्रॉइंग १/७२ मध्ये छापून घ्या आणि छापल्यावर पुन्हा पट्टी लावा. प्रिंटर कित्येकदा ‘पानाला बसवा’ या सेटिंगवर असतो आणि चित्र दोन-तीन टक्क्यांनी आखडतं.

मग एकही थेंब गोंद न लावता, नुसत्या मास्किंग टेपवर अख्खं विमान जोडून बघा. टेबलावर ठेवा, लांबून बघा, फोटो काढा. फोटोत जे खटकतं ते डोळ्यांना सवयीमुळे दिसेनासं झालेलं असतं.

कॉकपिट, बोगदा आणि वजन

कॉकपिटवर जीव टाकू नका. १/७२ ला, बंद कॅनोपीखाली, काळपट करड्या आरएलएम ६६ रंगातला (आरएलएम म्हणजे जर्मन हवाई मंत्रालयाचे रंगक्रमांक) खड्डा दिसतो तेवढाच. फोके-वुल्फ १९० चा साइड पॅनेल, टेपच्या पट्ट्यांचे बेल्ट आणि रेव्ही गनसाइटची (नेम धरायच्या यंत्राची) छोटी काच, इतकं पुरे. सीट बदलावीशी वाटली तर इजेक्शन सीट लावा. डॉर्निए ३३५ आणि हाइंकेल १६२ मध्ये ती आधीच आलेली होती, त्यामुळे आपल्या एका वाक्याच्या नियमात ती बसते.

नाकातल्या बोगद्याकडे मात्र सगळं लक्ष द्या. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते आणि बहुतेक किटमध्ये आत बघितलं की धडाच्या दोन भागांचा जोड आणि रिकामी पोकळी दिसते. पातळ प्लॅस्टिक शीटची, पाव मिलिमीटर जाडीची, नळी वळा. जोड खालच्या बाजूला ठेवा, आतून पुट्टी लावून गुळगुळीत करा आणि धड बंद करण्याआधीच फिकट करडा रंग द्या. नळीच्या टोकाला काळ्या रंगाची तबकडी आणि तिच्यावर इंजिनच्या पहिल्या पंख्याची पाती. जुन्या जेट किटमधली उरलेली कुठलीही पाती चालतील, कारण आत पुरेसा अंधार असतो. बोगद्याची कड बारीक पाहिजे. किटमध्ये ती जाड असते. आतल्या बाजूने गोल मूठ फिरवल्यासारखं सुरीचं पातं हळूहळू फिरवत ती कागदासारखी पातळ करा.

हे विमान तीन चाकांवर, नाकाखाली चाक ठेवून उभं राहतं आणि वजन सगळं मागे. नाकात वजन घातलं नाही तर ते शेपटीवर बसणार. वजनाला जागा दोनच आहेत: बोगद्याच्या वर, कॉकपिटच्या पुढे; आणि बोगद्याच्या दोन्ही बाजूंना. एअरगनचे छर्रे किंवा मासेमारीच्या दुकानात मिळणारे शिशाचे गोळे इथे भरा. पण ते फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात कधीही बसवू नका. पांढऱ्या गोंदातून निघणाऱ्या आम्लाने शिसं गंजतं, गंजलेलं शिसं फुगतं आणि काही वर्षांनी धडाचा जोड आतून उकलतो. अ‍ॅराल्डाइटमध्ये भरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा आणि त्याची भुकटी उडेल असं काही घासू नका. शिसं नको असेल तर सायकलच्या दुकानातले स्टीलचे छर्रे आहेत. ते थोडे हलके पडतात म्हणून जास्त भरावे लागतात.

धड टेपने जोडून, पंख आणि शेपटी तात्पुरती लावून, मागची चाकं जिथे येतात त्या रेषेखाली पेन्सिल धरा. नाक खाली झुकलं पाहिजे, आणि ठळकपणे झुकलं पाहिजे. काठावरचा तोल रंग आणि डेकल लागल्यावर हमखास बिघडतो.

शेपटी: सगळ्यात नाजूक जागा

टीए-१८३ ची ओळख म्हणजे ती फिन. लांब, पातळ, मागे ओणवलेली, आणि टोकावर टेलप्लेनचं ओझं. किटमध्ये फिन धडाला जिथे भेटते ती चिकटायची जागा कशीबशी दोन-तीन मिलिमीटरची असते. नुसत्या गोंदावर ती टिकत नाही; एकदा कपाटातून काढताना हात लागला की गेली.

अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घ्या. धडाच्या वरच्या बाजूला, जिथे फिनचा पुढचा भाग बसतो, तिथे हातड्रिलने अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडा. फिनच्या पायथ्यात तितकंच भोक, फिनच्याच झुकावाच्या कोनात. कोन साधण्यासाठी ड्रॉइंगवरची फिन कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तो पुठ्ठा ड्रिलशेजारी उभा धरा, डोळ्याला कोन मिळतो. तार आधी फिनमध्ये फेविक्विकने बसवा आणि चार-पाच मिलिमीटर बाहेर ठेवा. मग धडाच्या भोकात सरकवून पातळ प्लॅस्टिक सिमेंट जोडावर सोडा. सिमेंटने प्लॅस्टिक एकजीव होतं, तारेने भार वाहिला जातो.

टेलप्लेन बसवताना पुठ्ठ्याचा साचा करा. समोरून दिसणारा ‘व्ही’ ड्रॉइंगवरून कापून घ्या, धडाच्या मागे तो उभा चिकटवा आणि टेलप्लेनची दोन्ही टोकं त्याच्यावर टेकवून ठेवा. रात्रभर हलवू नका. पंखांसाठीही असाच साचा लागतो, पण तिथे चूक पकडणं सोपं असतं. पंखांची टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत का, एवढं बघितलं तरी कळतं. शेपटी तिरकी बसली तर मात्र ती समोरून पाहिल्यावरच दिसते, आणि मग तिथून नजर हलत नाही.

साचे निघाले की विमानाच्या मागे उभे राहा, एक डोळा मिटा आणि फिन, टेलप्लेन आणि पंख यांची रेघ एकमेकांशी जुळते का बघा.

पंखांवरच्या रेघा बुजवा

बहुतेक किटमध्ये पंखांवर पॅनेलच्या रेघा कोरलेल्या असतात, काहींवर तर रिव्हेटही. प्लायवूडच्या पंखावर हे काही नसतं. अ‍ॅल्युमिनियमची पत्रं एकमेकांना जोडताना रेघा पडतात. लाकडी पंख गुळगुळीत असतो, त्यावर फक्त एलिव्हॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांच्या) फटी आणि इंधनाच्या टाकीची झाकणं असतात.

म्हणून एलिव्हॉन आणि झाकणं सोडून बाकी रेघा बुजवा. पातळ फेविक्विक किंवा मिस्टर सर्फेसर ५०० टोकदार ब्रशने रेघेत सोडा, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासा: ४००, मग ६००, मग १००० पाण्यासह. पॉलिश पेपर पेन्सिल रबराच्या चपट्या बाजूवर गुंडाळा म्हणजे खड्डे पडत नाहीत. मॉडेल जाणणारा माणूस हा गुळगुळीत पंख बघून आपसूक थांबतो. धडावरच्या रेघा राहू द्या, ते धातूचं आहे.

शस्त्रं

एमके १०८ ची नळी आखूड असते आणि विमानाच्या बाहेर ती दिसत नाही. दिसतात ती फक्त बोगद्याच्या कडेशेजारची गोल भोकं. त्यामुळे नाकातून बाहेर आलेल्या लांब नळ्या लावू नका. ०.७ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडा आणि आत काळा रंग सोडा.

पंखांखाली काय लटकवायचं, हा व्हॉट-इफमधला सगळ्यात मोहाचा प्रश्न. एक्स-४ ही तारेने चालवायची क्षेपणास्त्रं सगळ्यांना खुणावतात. पण ती पायलटने छोट्या जॉयस्टिकने लक्ष्यापर्यंत चालवायची होती. एकट्या पायलटने, स्वतःचं विमान उडवत, शत्रूच्या फायटरांच्या गर्दीत हे करणं अवघड होतं, आणि एक्स-४ लढाईत कधी वापरलीच गेली नाहीत. मी आर४एम रॉकेट निवडेन. मार्च-एप्रिल १९४५ मध्ये मेसरश्मिट २६२ वर ती प्रत्यक्ष वापरली गेली, प्रत्येक पंखाखाली लाकडी रॅकवर बारा.

आर४एम करणं सोपं आहे. रॉकेट साधारण ८१ सेंटिमीटर लांब, ५५ मिलिमीटर व्यासाचं. १/७२ ला लांबी ११ मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरचा प्लॅस्टिक रॉड मिळतोच. एक तुकडा चिमट्यात धरून टोक पॉलिश पेपरवर फिरवत टोकदार करा, मग ११ मिलिमीटरवर कापा. बारा-बाराचे दोन संच म्हणजे चोवीस नग. सगळे एकसारखे येण्यासाठी पट्टीवर एक अडथळा चिकटवा आणि रॉड त्याला टेकवून कापत जा. रॅक पातळ शीटचा, लाकडाच्या रंगात. टीए-१८३ चा पंख मेसरश्मिटपेक्षा बराच लहान आहे, म्हणून प्रत्येक पंखाखाली बाराऐवजी सहा लावले तरी पटतं. मला सहाच बरे दिसतात. पंखाचा आकार झाकला जात नाही.

रात्रीच्या लढाईचं मॉडेल करायचं असेल तर रडारच्या अँटेना नाकावर कुठे बसवणार, हा प्रश्न आधी सोडवा. नाक म्हणजे हवेचं तोंड आहे. तिथे हरणाच्या शिंगांसारख्या अँटेना बसवल्या तर हवेच्या वाटेतच येणार. त्या पंखांच्या पुढच्या कडेला हलवा, किंवा नाइट फायटरचा बेत दुसऱ्या विमानासाठी ठेवा.

रंग: इथे मॉडेल ठरतं

प्रायमर करड्या रंगाचा, पातळ थरात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, लॅकर रंग फवारला की त्यात हवेतला दमटपणा शिरून पांढरट ढग उमटतात. त्या दिवसांत अ‍ॅक्रिलिक वापरा किंवा कोरड्या दिवसाची वाट बघा. लॅकर असो की अ‍ॅक्रिलिक, एअरब्रश चालवताना खिडकी उघडी आणि मास्क तोंडावर.

युद्धाच्या शेवटच्या महिन्यांतले जर्मन फायटरचे रंग साधारण असे: वर आरएलएम ८१ हा तपकिरी-जांभळट आणि आरएलएम ८२ किंवा ८३ हे हिरवे, खाली आणि बाजूंना आरएलएम ७६ हा फिकट निळसर-करडा. मिस्टर हॉबीच्या बाटल्यांत हे एच ४२१, एच ४२२, एच ४२३ आणि एच ४१७ म्हणून मिळतात. चाकांच्या खोबणींसाठी आरएलएम ०२, म्हणजे एच ७०, आणि कॉकपिटचा आरएलएम ६६ म्हणजे एच ४१६. नेमक्या छटांवर अभ्यासकांमध्ये अजून वाद चालू आहेत, आणि आरएलएम ७६ तर शेवटी हिरवट-पिवळसर छटेतही दिसतो. म्हणून बाटलीतल्या रंगावर फार अडून बसू नका. १/७२ ला प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळा, नाहीतर लहान विमान काळवंडलेलं दिसतं.

आता ते लाकूड आणि धातू.

धातूचं धड रंगाविना राहू शकतं. फोके-वुल्फ १९० डी च्या काही विमानांवर पंखांचा खालचा भाग उघडा धातू ठेवून फक्त कडा रंगवल्या जात, कारण रंग वाचवायचा होता. पण प्लायवूड उघडं ठेवता येत नाही. पाणी शिरलं तर ते फुगतं. म्हणजे आपल्या टीए-१८३ चे पंख पूर्ण रंगवलेले पाहिजेत आणि धडाचा पोटाकडचा भाग उघडा धातू असू शकतो, मध्ये पत्र्यांच्या जोडांवर पुट्टीच्या करड्या पट्ट्या असलेला. वास्तवातल्या फोके-वुल्फ १९० डी च्या बरोबर उलट चित्र आणि तरी पूर्ण तर्काला धरून. व्हॉट-इफमध्ये याहून मोठं समाधान मला माहीत नाही.

भाग वेगवेगळ्या कारखान्यांत रंगवून येत, त्यामुळे जोडावर रंगाचे पट्टे जुळत नसत. तुम्हीही पंख, शेपटी आणि धड वेगवेगळं रंगवा, एका वेळी एक भाग, बाकीचे मास्क करून. पंखावर ८१ आणि ८२, धडावर ८१ आणि ८३, शेपटीवर बाजूने फक्त ७६ आणि त्यावर ८१ चे ठिपके. पंखाचा हिरवा पट्टा धडापाशी येऊन तुटला की तो तसाच सोडा. जुळवण्याचा हात शिवशिवतो, पण जुळवला की कारखाना खोटा होतो.

ठिपके मारताना एअरब्रशचा दाब १० ते १२ पीएसआय, रंग दुधाइतका पातळ आणि सुई विमानापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर. आधी जुन्या किटच्या पंखावर हात बसवा. जर्मन ठिपके फराट्यासारखे मऊ असतात, गोल नाणी नव्हेत. थोडे ठिपके मारा, थांबा, लांबून बघा.

डेकल आणि चिन्हं

पथक निवडतानाही तोच नियम. मी जेजी ३०१ निवडेन, कारण फोके-वुल्फ १९० वरून पुढे केलेलं टीए-१५२ प्रत्यक्ष त्याच पथकाकडे गेलं होतं. फोके-वुल्फची पुढची नवी मशीन तिथेच येणं स्वाभाविक. जेजी ३०१ ची ओळख म्हणजे धडाच्या मागच्या भागावरचे पिवळा आणि लाल असे दोन पट्टे. टीए-१५२ वर मुख्यालयाच्या विमानांचे आकडे हिरवे होते. टीए-१८३ चं धड मागे इतकं आखूड आहे की पट्टा एग्झॉस्टच्या आधी फिनच्या पायथ्यापाशीच बसवावा लागतो. तो डेकलने न लावता मास्क करून फवारा, कारण वक्र जागेवर डेकल सुरकुततं.

क्रॉस युद्धाच्या शेवटी साधे झाले होते: वर नुसती पांढरी बाह्यरेषा, खाली काळी. फोके-वुल्फ १९० च्या डेकल शीटवर ते मिळतात. विमानाचा क्रमांक लहान अक्षरांत फिनवर. खऱ्या विमानाचा क्रमांक उचलू नका, काल्पनिक मालिका ठरवा. सूचनांची बारीक अक्षरं कमी ठेवा, घाईच्या कारखान्यात तेवढा वेळ नव्हता.

फिनवर नाझी चिन्ह येतं. जर्मनीत ते सार्वजनिक ठिकाणी दाखवण्यावर कायद्याने बंधन आहे, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या किटच्या शीटवर ते नसतं. शाळेतल्या किंवा सार्वजनिक प्रदर्शनात मी ते लावत नाही. आपल्याकडे ते चिन्ह बघून मुलांच्या मनात काय येईल याचा विचार करा, आणि लावलंच तर पाटीवर त्याचा अर्थ स्पष्ट लिहा.

वापराच्या खुणा

लाकडी पंखावरून रंग उडाला तर खाली चांदी दिसत नाही. चांदीचे ओरखडे फक्त धडावर, दारांच्या कडांना आणि कॉकपिटच्या पायरीपाशी, तेही मोजके. पंखावर जिथे पाय पडतो तिथे रंग फक्त फिका करा.

ही विमानं फार दिवस जगली नसती, म्हणून पंधरा वर्षांची धूळ-माती त्यांच्यावर लादू नका. एग्झॉस्टच्या भोवती आणि फिनच्या खालच्या कडेला करड्या-तपकिरी रंगाचा हलका थर, चाकांवर सुकलेला चिखल आणि बोगद्याच्या कडेला थोडी घासपट्टी, एवढंच. फटींमध्ये वॉश, म्हणजे पातळ गडद रंग, टाकायला कॅमलच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वापरा. महागडे तयार वॉश लागत नाहीत. आधी ग्लॉस वार्निशचा थर द्या, वॉश टाका, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचा कापसाने पुसा, मग सगळ्यावर मॅट वार्निश. उघड्या धातूचा भाग मॅट वार्निशपासून झाकून ठेवा.

स्टँड आणि पाटी

स्टँडसाठी काँक्रीटच्या हायवेचा तुकडा आणि त्याच्या कडेला झाडी. काँक्रीटसाठी पातळ फोमची शीट, सांध्यांना बॉलपेनने रेघा, मग करडा रंग. टीए-१८३ ला जोडलेलं केटेनक्राड ठेवलं तर गोष्ट एका नजरेत कळते. १/७२ ला त्याचीही किट मिळतात.

पाटीवर तीन गोष्टी लिहा. हे विमान कधी उडलं नाही. तुम्ही इतिहासातली कुठली एक गोष्ट बदलली. आणि असं विमान झालं असतं तर ते कोणाच्या मजुरीवर झालं असतं. तिसरी ओळ वाचून कोणी प्रश्न विचारला तर थांबून उत्तर द्या.

पुढचं मॉडेल घ्यायचं असेल तर या विमानाच्या वंशावळीतलंच घ्या. कुर्ट टांक युद्धानंतर अर्जेंटिनाला गेले आणि कोर्दोबात त्यांनी पुल्की-२ हे जेट केलं, जे जून १९५० मध्ये उडालं. टीए-१८३ चीच मांडणी, पण पंख खांद्यावर आणि आत रोल्स-रॉइस नीन. १९५६ मध्ये टांक भारतात आले आणि बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचएफ-२४ मारुत उभं राहिलं. ते १७ जून १९६१ ला उडालं, एकूण १४७ विमानं बनली आणि १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर लढली. १/७२ ला मारुतचा पंख १२५ मिलिमीटर आणि लांबी २२० मिलिमीटर येते. तिघांना एका फळीवर ठेवायचं तर मारुतसाठी टीए-१८३ पेक्षा ९२ मिलिमीटर जास्त लांब स्टँड आधीच कापून ठेवा.